झेंडा वर केला तेव्हा मी कुठे होते?

गेल्या शनिवारी सकाळी सोलापुरात मुलींच्या शालेय फुटबॉल स्पर्धेची फायनल होती. मी एका शाळेत पीटी शिकवते आणि अशा मॅचेसना लाइनवर झेंडा घेऊन उभी राहते... बारा वर्षं झाली.

मॅच संपायला चार-पाच मिनिटं होती. स्कोर एक-एक. मंद्रूपच्या टीममधली महादेवी, दहावीतली मुलगी, मागून आलेल्या पासवर एकटीच सुटली आणि तिने गोल मारला. मी झेंडा वर केला. ऑफसाइड... गोल रद्द.

लगेच पुढच्या मिनिटाला समोरच्या टीमने गोल केला आणि मंद्रूप हरलं. जिंकणारी टीम विभागीय स्पर्धेला जाणार होती. हरणाऱ्यांचं सगळं तिथेच संपलं.

दुपारी घरी येऊन जेवायला बसले आणि फोन वाजायला लागला. महादेवीच्या वडिलांनी त्या गोलचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो पालकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत आमच्या पीटी शिक्षकांच्या ग्रुपवर आला होता. खाली एकच ओळ... 'मॅडमना दिसत न्हाय का?'

मी व्हिडिओ उघडलाच नाही. खरं सांगते, हिंमत झाली नाही. टीव्हीवर मोठ्या मॅचमध्ये रेफ्री कानाला हात लावून थांबतो, स्क्रीनवर रेघा मारून खांदा पुढे होता की गुडघा ते तपासतात... तेव्हा मी निवांत चहा पीत बघत असते. इथे तपासली जाणार होते मी.

रविवारची सकाळ तशीच गेली. भाजी आणायला गेले तरी वाटायचं, हा माणूस माझ्याकडे का बघतोय... शेवटी नवरा म्हणाला, "बघून टाक एकदा. न बघण्याचाच जास्त त्रास होतोय तुला."

बघितला. पायातून पास सुटतो त्या क्षणी मुलगी समोरच्या शेवटच्या डिफेंडरच्या पुढे गेलेली आहे का, एवढाच ऑफसाइडचा प्रश्न असतो. नेमका तिथे व्हिडिओ थांबवला. पेनल्टी बॉक्सची पांढऱ्या फक्कीने मारलेली रेघ स्पष्ट दिसत होती. शेवटच्या डिफेंडरचा पाय रेघेच्या आत, गोलकडे... आणि महादेवी अख्खी रेघेच्या अलीकडे. गोल बरोबर होता.

मग त्याच फ्रेमच्या कडेला मी दिसले. हातात झेंडा, पण डिफेंडरच्या रेषेत नाही... चांगली तीन पावलं मागे. एकजण मोटारसायकल मैदानाला अगदी चिकटून लावत होता, त्याला मागे घे म्हणायला मी वळले होते. परत वळेपर्यंत पास सुटला होता. महादेवी माझ्या बाजूला, डिफेंडर पलीकडे... मागून तिरकं बघितलं की जवळची मुलगी पुढे गेल्यासारखी दिसते. हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवते!

मुख्य रेफ्री होते त्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, निकाल लागला, आता बदलत नसतो. व्हिडिओ तिरका काढलाय म्हणायचं आणि विषय संपवायचा." फोन ठेवल्यावर एक मिनिट किती हलकं वाटलं... त्याचीच नंतर लाज वाटली.

सोमवारी शाळा सुटल्यावर एसटीने मंद्रूपला गेले. दोनदा वाटलं, मध्येच उतरावं आणि परत फिरावं.

महादेवीच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. मला बघून त्यांनी गिरणी बंद केली. एवढा आवाज एकदम थांबला. कसंबसं म्हटलं, "तुमचा व्हिडिओ बरोबर आहे. चूक माझी झाली."

त्यांनी आत वळून मुलीला घरच्या कन्नडमध्ये हाक मारली. मग हाताचं पीठ झटकत म्हणाले, "राग व्हता मॅडम, खोटं कशाला बोलू. पण ही दोन दिस धड जेवंना. म्हणती मी घाई केली, माझ्यामुळं हरलो. व्हिडिओ दावला तरी म्हणती, मॅडमनी झेंडा वर केला की... म्हंजे मीच चुकले."

मी दोन दिवस माझं नाव खराब होईल म्हणून घाबरत होते. आणि तिकडे माझी चूक त्या पोरीने स्वतःच्या डोक्यावर घेतली होती.

महादेवी दारात येऊन उभी राहिली. तिला व्हिडिओ थांबवून दाखवला. रेघ दाखवली, डिफेंडरचा पाय दाखवला, मागे राहिलेली मी दाखवली.

"म्हंजे मी टायमात पळाले व्हते?"

"अगदी टायमात."

तिने फोन हातात घेऊन चार वेळा बघितलं. हसली नाही. फोन परत देताना हळूच म्हणाली, "मॅडम, हे शाळेत येऊन सांगता का? पोरी माझ्याशी बोलत न्हाईत."

त्यापेक्षा एसटी पकडून घरी जाणं सोपं होतं. पण हो म्हटलं.

मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर त्यांच्या सरांनी टीमला पुढे उभं केलं. अख्ख्या शाळेसमोर सांगितलं... मी मागे होते, मी चुकले, गोल बरोबर होता. टीममधली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "मग आता आमी विभागाला जाणार का?"

"नाही," मी म्हटलं. बारा वर्षांत यापेक्षा अवघड काही बोलले नसेन.

मग त्यांची गोलकीपर रांगेतून निघाली आणि महादेवीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

निकालाच्या कागदावर आता काही बदलणार नाही. म्हणून महादेवीला आणि तिच्या वडिलांना विचारून इथे लिहितेय, मला दारातून परत पाठवलं नाही म्हणून त्या दोघांचे आभारही मानतेय... तो गोल होता.