नानांचा रकाना

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा सांगायला जाणारा मी माणूस. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही 'काहीही फेकतात' असंच म्हणायचो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण भीती वाटतेय म्हणून लिहीत नाहीये... छातीवर दुसरंच काहीतरी बसलंय.

मी जळगावचा. केळीचा धंदा. यावल, असोद्याच्या बागांतला माल मी घ्यायचो आणि धुळ्याच्या वखारीत नाना तो पिकवून विकायचे. नाना माझे पार्टनर, पण वयाने वडिलांच्या जागी. रोज सकाळी त्यांचा फोन ठरलेला. 'चहा झाया का भो?' इथून सुरुवात, मग त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा गुडघा, शेजाऱ्याची म्हैस, आणि शेवटी कधीतरी, माल किती पाठवायचा ते. माझी अर्धी सकाळ त्यातच जायची. वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

म्हणून मी दोघांसाठी एक ऑनलाइन शीट केली. व्हिडिओ बघून तिच्यात ऑटोमॅटिकची सोय बसवली. नानांनी मालाचा आकडा बदलला की मला मेसेज, मी गाडी भरली असं टाकलं की त्यांना मेसेज. शेवटी शेऱ्याचा एक रकाना. त्यात नानांनी काही लिहिलं की शेजारी माझ्या नावाने आपोआप उत्तर पडायचं — 'नोंद घेतली. धन्यवाद.'

ते पाहून नानांनी एवढंच विचारलं, "आते तू बोलस का हाऊ डबा?" म्हणजे आता तू बोलतोस की हा डबा? मी हसलो. सकाळचे फोन बंद झाले.

पण नाना कसले गप्प बसतात! सकाळच्या गप्पा ते शेऱ्यात लिहू लागले. 'आज कळण्यानी भाकर शे.' नोंद घेतली. धन्यवाद. 'अक्काना गुडघा सुजना.' नोंद घेतली. धन्यवाद. माझा मोबाइल सारखा टिंग टिंग करायला लागला, म्हणून मी त्या रकान्याचे मेसेज तेवढे बंद करून टाकले. आकडे बघायचो, शेरे नाही. एकदा तरी उलट फोन करून गुडघा कसा आहे विचारावं, तेही सुचलं नाही.

त्या दिवशी मी यावलला एका बागेत कापणीवर होतो. दुपार कलल्यावर अक्कांचा फोन आला. नाना गेले होते. सकाळी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं आणि दुपारी ऑपरेशन चालू असतानाच सगळं संपलं. मला सकाळीच का नाही कळवलं, असं मी जरा चिडूनच विचारलं. नानांनीच अडवलं होतं. अक्का म्हणाल्या, "ह्याच बोलनात, तो कामम्हा व्हई, त्याले तरास दिऊ नको."

दशक्रिया झाल्यावर वखारीतल्या मालाचं बघायला शीट उघडली आणि कितीतरी दिवसांनी माझी नजर शेऱ्यांवर गेली. त्या दिवसाचे तीन होते.

'फोन कर ना भो.'
नोंद घेतली. धन्यवाद.

'एकच मिनिट बोलनं शे.'
नोंद घेतली. धन्यवाद.

'बरं, ऱ्हाऊ दे.'
नोंद घेतली. धन्यवाद.

सकाळीच लिहिले असतील म्हणून मी शीटची हिस्टरी काढली. तिन्ही शेरे नानांच्या अकाउंटवरून, आणि वेळ दुपारची — नाना भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर होते तेव्हाची. अक्कांना विचारलं. दवाखान्यात निघतानाच त्यांनी नानांचा मोबाइल बंद करून घरच्या कपाटात ठेवला होता, चावी त्यांच्या कमरेला. घरात दुसरं कोणी नाही. दुसऱ्या कुठल्या मोबाइलवर की कॉम्प्युटरवर ते अकाउंट कधी उघडलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर लाइनमधल्या एका मित्राला दाखवलं. नेट नसलं की लिहिलेलं उशिरा पोचतं, असं तो आधी म्हणाला. मग बंद मोबाइलवरून कसं पोचलं? त्याने हिस्टरी पुन्हा तपासली, वेळ तीच निघाली.

ती ऑटोमॅटिकची सोय मी काढून टाकली. शीट मात्र पुसवत नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर जरूर सांगा... खरं तर सांगू नका, त्याने माझं काही हलकं होणार नाही. ते शेरे कोणी लिहिले हे मला आजही माहीत नाही. उत्तरं कोणाची ते माहीत आहे. तिन्हींसमोर माझं नाव आहे.