गिरणीची खोळ

ज्वारी पाखडत बसले होते, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मामी, आई गेली..." सूप खाली ठेवलं आणि माझी नजर गेली ती स्वयंपाकघरातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे. माणसं अशा वेळी देवाकडे बघतात. आमच्या वन्संचं सगळंच निराळं, त्या आठवतात त्या रिकाम्या जागेत.

आम्ही पाथर्डीकडची माणसं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागे राहणाऱ्या पोरांसाठी वन्संनी आम्हा बायकांना गोळा करून वसतिगृहाचा ट्रस्ट काढला. स्वयंपाक माझ्याकडे. थोड्याच दिवसांत मी पगार मागितला. वन्सं म्हणाल्या, "सुमन, आपल्या घटनेत विश्वस्ताला पगार न्हाई. पद सोड, मग बाकीच्याजणी तुझा पगार ठरवतील. मी तुझी नणंद, त्या बैठकीत मी बसायची न्हाई." पण दारावरच्या विश्वस्तांच्या पाटीवर माझं नाव होतं ना! रंगीत अक्षरांत, 'सौ.'सकट. त्या 'सौ.'पायी मी वर्षानुवर्षं फुकट भाकऱ्या थापल्या. अशी मी शहाणी.

पुढे जवळच सरकारी वसतिगृह झालं, पोरं तिकडे गेली आणि आमचं बंद करायचं ठरलं. मी मनातल्या मनात वाटणी उरकून टाकली. दिवाळीला भिशी फुटते तसा ट्रस्टही फुटणार, मग वसतिगृहातली पिठाची गिरणी माझीच! घरी कोपरा मोकळा केला. कुणी नसताना गिरणीची मापं घेऊन फुलाफुलांची खोळसुद्धा शिवली. बैठकीत गिरणीचं नाव काढताच वन्सं हसल्या. "ही काय भिशी हाय व्हय फोडायला? लोकांनी पोरांच्या नावानं दिलंय, ते पोरांकडंच जाणार." धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन सगळं सामान शेवगावकडच्या एका वसतिगृहाला गेलं. गिरणी टेम्पोत चढताना मी अशी रडले, की ड्रायव्हरला वाटलं लेकच सासरी चाललीय.

त्या संक्रांतीला मी वन्संकडे वाणाला गेले नाही. त्याच आल्या, फडक्यात बाजरीची भाकरी बांधून.

"खा. तुझ्या गिरणीवरचं पीठ हाय."

"अगबाई! आता कुठं गेला तुमचा कायदा?"

"बाजरी माझ्या घरची. दळणाचे पैसे देऊन आले."

खाल्ली. लई गोड लागली मेली...

वन्संचे दिवस झाल्यावर ट्रंकेतली खोळ काढली आणि शेवगावची एसटी धरली. वसतिगृहात गिरणी घरघरत होती, अंगणात पोरं जेवायला बसत होती. दळण संपल्यावर तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी खोळ चढवून पाहिली.

"आजी, मापात बसली की! न बघता कशी शिवली?"

"बघूनच शिवलीय, बाई. फार बघून."

पिशवीत ती फोनच्या वेळची ज्वारी होतीच, नंतर निवडून ठेवलेली. म्हटलं, "एवढं दळून देशील? पण पैसे घेणार असशील तरच."

"घ्यावंच लागतं, आजी," ती म्हणाली. "गिरणीसंगं एक म्हातारी आल्ती. आपल्या माणसाचं दळण आलं तर आधी पैसे घ्यायचे, असं बजावून गेली."

मी कमरेची चंची सोडली.