थांबाकाकूंचा भिंतीवरचा हात

आमच्या इमारतीत एके काळी कुजबुज होती, की तळमजल्यावरच्या थांबाकाकू मेलेल्या लॅपटॉपला स्वतःचा जीव देतात. समोरच्या शिंपीणबाईंनी खिडकीतून प्रत्यक्ष पाहिलं होतं म्हणे: काकू भिंतीला हात लावून, डोळे मिटून बसल्यात, दार वाजलं तरी हलत नाहीत, आणि टेबलावरच्या काळ्याठिक्कर पडद्यात हळूच उजेड येतोय! पुढे बातमीला पाय फुटले. प्रत्येक लॅपटॉपमागे काकूंचा एक केस पांढरा होतो, इथवर मजल गेली. केसांचं कोणी जोडलं ते मला विचारू नका. बातमी जरा अळणी वाटत होती, एवढंच.

काकूंना हे नाव पडलं ते त्यांच्या तोंडच्या एका शब्दामुळे. बिघडलेलं यंत्र घेऊन कोणी धापा टाकत आलं, की त्या म्हणायच्या, "थांबा." मग चष्मा पुसायच्या, यंत्र उलटं करून पोटावरचा मॉडेल नंबर वाचायच्या, आणि पुन्हा वाचायच्या. पूर्वी त्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरीनं जुने लॅपटॉप मोडीत काढले, तेव्हा काकूंनी ते घरी आणून खोलून बघितले, आणि तोच धंदा झाला. दीर म्हणाला, "वहिनी, माणसांना बसायला एखादी खुर्ची तरी ठेवा हो." काकूंनी ठेवली, गिऱ्हाइकांसाठी. दीर आला की उभाच.

आता माझ्या धाकट्या बहिणीचं ऐका. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. जन्मभर टेलिफोन ऑपरेटर होती. बोलणं हा तिचा पेशा आणि मला टोमणे मारणं हा छंद. मग ती लॅपटॉपवर टाइप करू लागली आणि लॅपटॉप तिच्या वतीनं बोलू लागला. त्याच्यासोबत आलेली ऑपरेटिंग सिस्टीम फारच रेंगाळायची, म्हणून काकूंनी ती काढून फुकट मिळणारी हलकी सिस्टीम घातली होती. छान चाललं होतं. पण पुढे यंत्राला खोड लागली. झाकण मिटलं की झोपायचं, ते उठायचंच नाही. एकदा दवाखान्यात डॉक्टर विचारताहेत, "कुठे दुखतंय?" आणि ही बंद पडद्याकडे बघत बसलेली. डोळ्यांत पाणी. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं लॅपटॉप उघडलाच नाही.

मीच तो काकूंकडे नेला, बहिणीला ओढत.

कंपनीनं त्या खोडीवर इलाज काढला होता, नवं फर्मवेअर. "म्हणजे यंत्रानं जागं कसं व्हावं याचा धडा," काकू म्हणाल्या. "सगळ्या सिस्टीमच्या आधीचा." पण तो ज्या पुडक्यात मिळत होता, ते पुडकं चालणार फक्त जुन्या, काढून टाकलेल्या सिस्टीमवर.

"मग जुनी परत घालायची?" मी विचारलं.

"थांबा, दादा. धडा यंत्राला द्यायचाय, सिस्टीमला नाही."

आधी त्यांनी बहिणीच्या सगळ्या फाइली बाजूला काढून ठेवल्या. तिनं तयार करून ठेवलेली वाक्यं त्यात होती, सगळ्यांत वर, "दादा, पुरे!" मग आपल्या कॉम्प्युटरवर ते पुडकं फोडून आतली नेमकी फाइल पेनड्राइव्हवर घेतली. लॅपटॉप चालू करतानाच एक बटण दाबून धरलं, आणि सिस्टीम उठण्याआधीच यंत्राची स्वतःची सेटिंग उघडली. फर्मवेअर बदलायची सोय तिथंच होती. पण पेनड्राइव्ह काही दिसेना.

"बोंबललं?" मी म्हटलं.

"माझंच चुकलं. याला वाचता येईल असा फॉरमॅट करायचा राहिला."

दुसऱ्या खेपेला फाइल दिसली. काकू बहिणीकडे वळल्या. "ताई, खरं सांगते. मध्येच यंत्र बंद पडलं, तर पुन्हा उठेल याची हमी नाही. करू?"

बहिणीनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच बटणावर बोट ठेवलं.

काकू उठल्या, चार्जरपाशी बसल्या, भिंतीला हात लावला आणि डोळे मिटले. बहिणीनं बटण दाबलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. "काकू, केस..."

"गप बसा हो!"

पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मग पडदा काळा झाला. आतला पंखा घोंघावला आणि थांबला. बहिणीनं माझी बाही पिरगळली. किती वेळ गेला कोण जाणे, पडदा उजळला. तिनं झाकण मिटलं, श्वास रोखून उघडलं. यंत्र जागं! पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. जागं! मग तिची बोटं धावली आणि खोलीत तिचा आवाज उमटला:

"काकू, हात सोडा आता. आणि या दादाला पाणी द्या, घाम फुटलाय त्याला."

आजही सकाळी आमच्या स्वयंपाकघरातून बहिणीच्या लॅपटॉपची माझ्या नावानं ओरड ऐकू येते, "दादा, चष्मा फ्रिजवर आहे, आंधळ्या!" आणि मी मनोमन काकूंना हात जोडतो. बहिणीनं तर दुसऱ्याच दिवशी वायरमन पाठवून काकूंकडे नवं सॉकेट बसवून दिलं. तेव्हापासून जीव देण्याचा प्रकार बंद झाला.

कारण काकूंनी हात काढताक्षणी प्लग टपकन खाली पडला होता. सॉकेट ढिलं होतं. चार्जर लागलेला नसेल तर लॅपटॉप फर्मवेअर घेत नाही, म्हणून त्या प्लग हातानं दाबून धरायच्या. डोळे मात्र शॉक बसेल या भीतीनं मिटायच्या.