माझा साडू आणि रशियाचा गॅस

भविष्याची काळजी करणारे पुष्कळ असतात, पण भविष्यातच मुक्काम ठोकून वर्तमानात फक्त जेवायला येणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा साडू. एडिनबराच्या एका गुंतवणूक कंपनीत तो ऊर्जाबाजाराचे दीर्घकालीन अंदाज बांधतो. दीर्घकालीन म्हणजे थेट २०५०. आज कचऱ्याचा कुठला डबा बाहेर ठेवायचा हे त्याला बायको सांगते. रशियाचा गॅस पंचवीस वर्षांनी कुणीकडे वाहणार हे तो बायकोला सांगतो. एकदा मी कॉव्हेंट्रीहून गेलो असताना जेवताजेवता सहज म्हणालो, गॅसचं बिल फार यायला लागलंय. त्याने ताबडतोब कोशिंबिरीचं भांडं युरोप केलं, लोणच्याची बरणी चीन केली आणि मधला पापड सैबेरिया. व्याख्यान संपेपर्यंत पापडाला हात लावायची सोय नव्हती. शेवटी तो मऊ पडला. कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर "तीन शक्यता आहेत" असंच सुरू होतं. लग्नाला होकारसुद्धा त्याने तसाच दिला होता, असं माझी मेव्हणी सांगते.

गेल्या जानेवारीत मी त्यांच्याकडे राहायला असताना घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. घर जुनं, दगडी, उंच छताचं. आणि नागपूरहून साडूचे वडील राहायला आलेले. प्लंबर म्हणाला, उद्या सकाळी नवा बसवून देतो. साडूने त्याला थांबवलं. रशियाचा गॅस युरोपात परतला तर गॅस स्वस्त, मग बॉयलरच बरा. रशिया कायमचा चीनकडे वळला तर गॅस महाग, मग विजेवरचा हीट पंप बरा. तिसरी शक्यता अशी, की इतक्यात काहीच ठरणार नाही. घरात ही तिसरी तंतोतंत खरी ठरली. रोज नवा अहवाल येई आणि रोज अंगावर आणखी एक स्वेटर चढे. विजेची एक शेगडी बाबांच्या खोलीत ठेवली होती, पण बाबा ती बंद करून मुलाचं बोलणं ऐकायला बैठकीत येऊन बसत. सारी नोकरी औष्णिक वीजकेंद्रात झालेली. मुलाने आपलाच धंदा पुढे नेला, असं त्यांना मनापासून वाटे. "त्याचं काही गणित असतं. घाई करून चालत नाही," असं ते माकडटोपीतून मला सांगत आणि खोकत.

मेव्हणी तिथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर. एका शनिवारी दुपारी ती बाबांचा खोकला ऐकत बसली होती. मग आवाज न चढवता नवऱ्याला म्हणाली, "बाबांना २०५०पर्यंत धीर धरायला सांगू का?"

"सोमवारी एक रिपोर्ट येतोय, तेवढा बघू दे," साडू म्हणाला.

"मग रशियाचं..." बाबांनी विचारायला सुरुवात केली आणि पुढचा शब्द त्यांना फुटेना. ओठ निळे पडले होते.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता, म्हणून गाडीतूनच निघालो. मागे मेव्हणी सासऱ्यांची नाडी धरून बसली होती. साडूने गाडीचा हीटर होता तेवढा वाढवला. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "पोचायला किती वेळ लागेल?"

"मला काही सांगता येत नाही," तो म्हणाला.

बाबा वाचले. सोमवारी गॅसचा बॉयलर बसला. त्या दिवशी आलेला रिपोर्ट कुणी उघडलासुद्धा नाही. वसंतात बाबा नागपूरला परतले. एवढा प्रवास आता पुन्हा नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. फोनवर ते अजून विचारतात, रशियाचं काय म्हणतंय? आणि साडू त्यांना घर किती ऊबदार आहे ते सांगतो.

परवा गेलो तेव्हा बाबांच्या रिकाम्या खोलीतला, भिंतीवरचा रेडिएटर चालू होता. एकेका अंशाचा हिशेब मांडणारा माणूस. विसरला असेल असं वाटून मी बंद करायला वाकलो.

"राहू दे," साडू दारातून म्हणाला. "बाबा येतीलही."

बाकीच्या दोन शक्यता त्याने सांगितल्या नाहीत, आणि मीही विचारल्या नाहीत.