मचूळ पाण्यातली मेथी

वसईजवळच्या होळी गावात रखमाबाईची अठरा गुंठ्यांची वाडी आहे. नवरा गेल्यापासून तिथली मेथी, कोथिंबीर, माठ सगळं तिनंच पिकवलं. पण युरिया टाकून टाकून माती इतकी घट्ट झाली होती, की खुरपं मारलं की खणखणायचं.

चार वर्षांपूर्वी सून विनिता एका शिबिरातून जिवाणू खताच्या दोन बाटल्या घेऊन आली.

"आई, यातले जिवाणू हवेतलं नत्र मुळांना देतात. आणि या दुसऱ्या बाटलीतले मातीत अडकलेलं स्फुरद सोडवतात."

"बाटलीतले किडे वाडीत सोडू होय?" रखमाबाई म्हणाली. तरी तिनं एक वाफा दिला.

विनितानं ते औषध कुजलेल्या शेणखतात कालवलं, आठवडाभर सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवलं आणि ऊन उतरल्यावर वाफ्यात पसरलं. पहिल्या मेथीला काही फरक दिसला नाही. तिसऱ्या पेरणीला मात्र पानं रुंद आली, माती हाताला भुसभुशीत लागू लागली. रखमाबाईनं युरिया सोडला. पुढे दर वर्षी नव्या बाटल्या आल्या, पण खत भिजवायचं काम रखमाबाई कुणाला करू देईना. रोज सकाळी गोणपाट उचलून वास घ्यायची आणि म्हणायची, "जित्ती आहेत."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत कोथिंबिरीच्या पानांच्या कडा जळायला लागल्या. तिनं पुन्हा खत भिजवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा. वाफ्यांवर पांढरट थर धरला, मेथी पिवळी पडली. "माझ्याच हातून मेली गं ती खतातली," ती विनिताला म्हणाली. दोन दिवस धड जेवली नाही.

विनितानं माती आणि पाणी तपासून घेतलं. तपासणाऱ्या साहेबांनी सांगितलं, "चूक तुमचीही नाही, जिवाणूंचीही नाही. आजूबाजूच्या बोअरनी जमिनीतलं गोडं पाणी उपसलं, म्हणून विहिरीत समुद्राचं खारं पाणी शिरलंय. एवढ्या मिठात ते काम करत नाहीत. भरपूर गोडं पाणी सोडून मीठ धुऊन काढावं लागेल."

"गोडं पानी विहिरीतच होतं, साहेब," रखमाबाई म्हणाली.

वाडीशेजारच्या नव्या सोसायटीत तीन बोअर होत्या. ती भांडायला म्हणून सेक्रेटरी संग्रामकडे गेली. त्यानं खुर्ची दिली.

"मावशी, नळाला दिवसाआड पाणी येतं. बोअर बंद केल्या तर साठ घरांनी कपडे कशात धुवायचे?"

जिन्यावरून एक बाई दोन बादल्या घेऊन वर चढत होती.

"तुमच्या बोअरचं पानी तरी गोड आहे का?" रखमाबाईनं विचारलं.

"नाही हो. साबणाला फेसच येत नाही."

ती उठून घरी आली.

पावसानं मीठ धुतलं. ऑक्टोबरात मेथी पुन्हा तशीच तरारली. रखमाबाईनं पहिल्या जुड्या शेजारीपाजारी वाटल्या. जानेवारीत विहीर पुन्हा मचूळ झाली आणि पानांच्या कडा जळाल्या.

बाजारात तिच्या शेजारी बसणारी मटिल्डा गिरिज गावची. तिची विहीर अजून गोडी आहे. रखमाबाई उरलेली बाटली घेऊन तिच्या वाडीत गेली आणि खत कसं भिजवायचं ते तिला दाखवलं. मटिल्डानं विचारलं, "रखमाबाय, तू काय लावणार आता?"

"पालक. तो जरा मीठ सोसतो."

यंदा सगळ्या वाफ्यांत पालकच आहे, आखूड पानांचा. विनिता म्हणाली, "आई, पावसाळा संपला की नवी बाटली आणते." "आण. जानेवारीपर्यंत तरी जित्ती राहतील," रखमाबाई म्हणाली आणि जुड्या बांधत राहिली.