एका आकड्याचं काम

"मेमरी कमी पडतेय, नवीन बसवा," हे आमचे साहेब वर्षभर घोकत होते. डोंबल! मेमरी भरपूर रिकामी होती, फक्त सलग नव्हती. गिऱ्हाईकाचा सर्व्हर दिवसातून केव्हाही अडकायचा आणि फोनवर बोलणी खायला मी. हे सोडवलंत तर टीम लीड तुम्हीच, असं साहेब स्वतःहून म्हणाले होते. त्या जागेवर माझा डोळा होताच, खोटं कशाला बोलू?

सोडवायला महिने गेले. सिस्टिमच्या पोटात जो कर्नल असतो, त्याने मेमरीतलं विखुरलेलं सामान अधूनमधून सरकवून सलग जागा करून ठेवायची असते. ते कामच बंद होतं. साहेबांनीच पूर्वी एका डेमोत प्रोसेसरवरचा भार कमी दिसावा म्हणून हे आवरणं किती जोमाने करायचं ते ठरवणारी शून्य ते शंभरची सेटिंग शून्यावर नेली होती, आम्हा सगळ्यांदेखत, आणि त्या बचतीवर बढतीही घेतली होती. आता कुणी मोठी सलग जागा मागितली की कर्नल ऐन वेळी आवरायला घ्यायचा आणि बाकी सगळं खोळंबायचं. मी रागारागाने आकडा शंभर केला, तर कर्नल दिवसभर नुसतं सामानच हलवत बसला. कमी करत करत विसावर आले, तेव्हा कुठे सर्व्हर सुरळीत झाला.

साहेबांच्या डोक्यात शिरावं म्हणून मी नाटकाचं उदाहरण दिलं. थिएटरात खुर्च्या रिकाम्या आहेत, पण इथे एक, तिथे एक, आणि पाच जणांच्या कुटुंबाला सलग हव्यात. पडदा उघडल्यावर लोकांना उठवण्यापेक्षा आधीच थोडं थोडं सरकवून घ्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गिऱ्हाईकासमोर हे जसंच्या तसं म्हणून दाखवलं, माझ्या हातवाऱ्यांसकट. मागे बसून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

लीडचं पद बाहेरून आणलेल्या एका गृहस्थांना मिळालं. मी केबिनमध्ये जाऊन जाब विचारला.

"अहो मॅडम, शेवटी बदललंत काय? एक आकडा."

"शून्यही एकच आकडा होता, सर. तो आपल्याला चांगलाच पावला."

जाताना दार लावून घ्या, म्हणाले. मी घेतलं.

नव्या लीडना ती सेटिंग समजावून द्यायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं. मी सुरुवात करणार, तोच ते म्हणाले, "राहू द्या, मला कळलंय. साहेबांनी नाटकाच्या खुर्च्यांचं सांगितलं. काय छान समजावतात हो!"