काटा खालीच होता

हे मी आक्काला सांगितलं नाही, बायकोला नाही. दारू पिऊनसुद्धा कधी कुणापाशी बरळलो नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय. ऐकताना कीव तेवढी करू नका. कीव केली की माझं डोकं फिरतं.

जालना रोडवरून आत वळलं की गल्लीत माझं गॅरेज आहे. लोक मला उस्ताद म्हणतात. हल्ली हा शब्द ऐकला की हातातला पाना फेकून मारावासा वाटतो. कसला उस्ताद? नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगतो म्हणे. सांगतो ना. एकदा नाही सांगता आलं, त्याचंच हे सगळं आहे.

देवगाव रंगारीच्या एका अद्रकवाल्या शेठची जुनी पिकअप होती. ती चालवायचे माझे दाजी — म्हणजे आक्काचे, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लई शांत माणूस. रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी, ऑइल बघितल्याशिवाय स्टेअरिंगला हात लावायचे नाहीत. हे मला माहीत होतं. नीट ध्यानात ठेवा — मला माहीत होतं.

तर ती पिकअप तापायला लागली. माल भरून कन्नडच्या घाटाला लागली की टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकायचा. दाजी गाडी बाजूला घेऊन उभे राहायचे, माल उशिरा पोचायचा, शेठ बोंबलायचा. मी रेडिएटर साफ केला. फॅनबेल्ट बदलला. थर्मोस्टॅटचा वॉल्व्ह काढून फेकून दिला, आमच्याकडं सगळेच फेकतात. तरी काटा वरच! शेठ पुन्हा गाडी घेऊन आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, जमत नसलं तर तसं सांगा उस्ताद, दुसरीकडं दाखवतो.

झोंबलं मला. वॉटर पंप तेवढा उघडून बघायचा राहिला होता. पण पंप ठीक आहे असं मी आधीच छातीठोक सांगून बसलो होतो — आता तो उघडायचा म्हणजे चारचौघांत माघार घ्यायची. मग काय केलं असेल मी? सेन्सरच बाद आहे, काटाच खोटं बोलतोय, असं स्वतःशी ठरवून टाकलं. सेन्सरची वायर काढली, तिला टेप गुंडाळली आणि मागं सरकवून दिली. वायर निघाली की काटा खाली पडतो. मग इंजिन पेटलं तरी तो उठत नाही. शेठला म्हणालो, झालं काम. आणि दाजींना काहीच म्हणालो नाही. का? घरातलाच माणूस, सांगू नंतर, असं — छे, खोटं आहे हे. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग गाडी तापलेली मला कळणार कशी? मग पंप उघडावाच लागला असता.

घाटात इंजिन जाम झालं. गाडी टोचन करून माझ्याच दारात आणून सोडली. माल दुसऱ्या गाडीत भरून द्यायचा होता, म्हणून शेठ आणि दाजी मागून येणार होते. ते यायच्या आत मी पंप उघडला. आतला पंखा शाफ्टवर सैल झालेला, बोटानं ढकलला तरी गरगर फिरत होता. म्हणजे पाणी भरलेलं होतं, फक्त ते इंजिनात फिरत नव्हतं. इथवर चूक म्हणा. पुढचं चूक नाही. मी टेप सोडवून खिशात घातली आणि वायर जागेवर बसवली.

शेठ शिव्या देतच आला. दाजी एकच बोलत होते, "काटा खालीच व्हता, शेठ. मी सारखा बघत व्हतो."

शेठनं माझ्याकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. आणि मी — मी किल्ली फिरवली, ती वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. असं केलं की काटा लालवर जातोच, कुठल्याही मिस्त्रीला विचारा. काटा सरकन वर गेला.

"बघा शेठ, काटा तर ठणठणीत आहे," मी म्हणालो. "पाणी न बघता हाणली गाडी."

दाजी डॅशबोर्डकडं बघत राहिले. भांडले नाहीत. याचाच राग येतो मला, आजसुद्धा! अहो, माझी कॉलर धरायची होती, दोन थोबाडीत द्यायच्या होत्या. ते हळूच म्हणाले, "मग माझेच डोळे गेले असतील, दत्ता."

शेठनं त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या कुणी ठेवलं असतं, पण त्यांनी स्वतःच स्टेअरिंग सोडलं. औरंगपुऱ्यात जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाला काही दोष नाही, तर दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. मोटरसायकलही विकून टाकली. आता शेंद्र्याला एका कंपनीच्या गेटवर उभे राहून दुसऱ्यांच्या ट्रकसाठी दांडी वरखाली करतात. आणि आक्का! दर भाऊबीजेला ओवाळताना म्हणते, तू मधी पडलास म्हणून शेठनं केस केली नाही. पडलो होतो ना मधी. हात जोडले होते शेठपुढं. केस झाली असती तर ती गाडी दुसऱ्या मिस्त्रीनं उघडली असती, म्हणून जोडले होते, च्यायला. आक्का ओवाळते, मी ताटात ओवाळणी टाकतो आणि तिच्या हातची करंजी खातो.

मागच्या महिन्यात दाजींना शेंद्र्याहून माझ्या गाडीत घरी आणत होतो. शेजारी बसले होते. चिकलठाण्याच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डकडं बोट केलं.

"दत्ता, तुला काटा कुठं दिसतो रं?"

"मधी," मी म्हणालो.

"मलाबी मधीच दिसतो," ते म्हणाले, आणि किती बरं वाटलं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. हातभर अंतरावर बसले होते. सिग्नल सुटला, मी गिअर टाकला आणि त्यांना घरी सोडलं.